डब्याला लागलेली उचकी

सिरसाळ्यात कल्याणअप्पांची अडत होती, म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देण्याचं दुकान. आजोबांनी गादी घातली, वडिलांनी ती वाढवली आणि कल्याणअप्पांनी तिच्यावर बसून बसून मधोमध खळगा पाडला. माल हमाल उचलत, व्यवहार मुनीम बघत आणि अप्पा देखरेख करत. ही देखरेख दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटून चाले. कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला नुसती मान हले, दुसरीला एक डोळा उघडे, आणि तिसरीला अप्पा म्हणत, "जागाच हाय मी. इचार करायलोय." विचार असा खोल की घोरण्यानं समोरच्या पोत्यांवरच्या चिमण्या उडून जात.

अशा या माणसाला बसून खाणाऱ्यांचा मात्र भारी राग. माणसांवर तो काढता येत नसे, म्हणून विजेवर काढत. रिकाम्या खोलीत बल्ब दिसला की, "कुणासाठी जळायलाय? उंदरं अभ्यासाला बसलेत का?" पंखा फिरत राहिला, रेडिओ गुणगुणत राहिला की अप्पांचा हात बटणावर. घरात एकच कायदा होता, जे काम करत न्हाई ते बंद करा. बायको महानंदाबाई एकदा म्हणाल्या, "मग दुपारी दुकानात येऊन तुमालाच बंद करावं लागंल." त्यावर अप्पा दोन दिवस बोलले नाहीत, तेवढीच घरात शांतता लाभली.

ते दिवस देशाची दारं उघडल्याचे. जग जवळ आलं, असं पेपरात रोज छापून येई. सिरसाळ्यात ते केबलच्या तारेवरून आलं, थंड पेयाच्या बाटलीतून आलं, आणि लाईट असली तर दिसायचंसुद्धा. अप्पांच्या घरात ते आलं मुलाच्या, वीरेशच्या कॉम्प्युटरमधून. वीरेश औरंगाबादला कॉम्प्युटर शिकला, येताना एक जुना संच घेऊन आला, आणि पुण्याला नोकरी लागताच तो घरी टाकून गेला. अप्पा त्याला डबा म्हणत. "शिक्षणावर एवढं घातलं आन् हाताला डबा लागला," हे त्यांचं पाहुण्यांना ठरलेलं वाक्य होतं.

डब्यात दोन हार्ड डिस्क होत्या. हार्ड डिस्क म्हणजे काय, हे वीरेशनं अप्पांना त्यांच्याच धंद्यातून समजावलं होतं. "अप्पा, ही गोदामं समजा. पहिल्या गोदामात डब्याचं सोताचं सामान, दुसऱ्यात माझे खेळ." खेळाला गोदाम लागतं हे ऐकूनच अप्पांनी कपाळाला हात लावला होता.

वीरेश गेला. मग एके दिवशी अप्पांनी, गंज चढला का बघावं म्हणून, डबा चालू केला. खेळ होता गाड्यांच्या शर्यतीचा. पहिल्याच वळणावर अप्पांची लाल गाडी झाडावर गेली. दुसऱ्यांदा नदीत गेली. तिसऱ्यांदा कुठं गेली ते गाडीलाही कळलं नाही. "रिकामटेकड्याचे धंदे," असं म्हणून अप्पा उठले, जेवले, आणि दुकानात न जाता परत डब्यापुढं येऊन बसले. त्यानंतर दुपारचा खोल विचार दुकानात व्हायचा बंद झाला आणि पोत्यांवरच्या चिमण्यांना जरा निवांतपणा मिळाला.

कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावरचं उपरणं कमरेला खोवलेलं, असे अप्पा कॉम्प्युटरपुढं बसत आणि वळण आलं की गाडीबरोबर स्वतःही कलत. डावीकडच्या वळणावर एकदा खुर्चीसकट पडले. महानंदाबाई धावत आल्या तर पडल्या जागेवरून म्हणाले, "मला नंतर उचल, आदी ते बटण दाब, गाडी रस्त्यावर हाय."

दिवाळीला वीरेश आला आणि बापाचं हे रूप बघून पोट धरधरून हसला. जेवताना अप्पांनी नेहमीचा विषय काढला. गादीवर कोण बसणार? तीन पिढ्यांची अडत, आणि चौथी पिढी पुण्यात दुसऱ्याच्या गादीवर. वीरेश दरवर्षी हा विषय भाजीबरोबर गिळायचा. या वेळी हसत हसत बोलून गेला, "अप्पा, तुमी मला शर्यतीत हरवा, मी पुणं सोडतो आन् गादीवर येऊन बसतो. हरलात तर मात्र हा इषय कायमचा बंद."

पोरगं थट्टेनं बोललं होतं. पण अडत्यापुढं थट्टेनंही भाव बोलू नये. अप्पांनी तिथल्या तिथं उपरणं वीरेशच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं गच्च दाबली. बाजारात भाव असाच ठरतो. रुमालाखाली बोटं दाबली की सौदा झाला, मग बापाला बाप न्हाई आन् लेकाला लेक न्हाई. वीरेशला बाजाराची रीत लहानपणापासून ठाऊक होती. त्याचं हसू जरा उतरलं, पण हात काही त्यानं काढून घेतला नाही. शर्यत ठरली महाशिवरात्रीला, तो परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला येईल तेव्हा.

लोक म्हणत, अप्पाला खेळाचं याड लागलं. याड खेळाचं नव्हतंच. पोरगा परत घरात हवा होता, आणि 'ये रे बाबा, तुझ्याबिगर घर खायला उठतं' असं म्हणायला अप्पांची जीभ वळत नव्हती. अडत्याची जीभ ती, तिला भावच बोलता येतो.

तर अप्पा तयारीला लागले, आणि डबा दगा द्यायला लागला. शर्यत सुरू होई, अप्पा पुढं जात, शेवटच्या फेरीत नदीवरचा पूल येई, आणि नेमकं तिथंच सगळं थिजे. गाडी, रस्ता, आवाज, सगळं. जरा वेळानं डबा भानावर आला की दाबून ठेवलेल्या बोटाच्या जोरावर गाडी कठडा तोडून सरळ पाण्यात. दुसरं कुठं नाही, पहिल्या फेरीत नाही, शेवटच्याच फेरीत पुलावर. बिंदुसरा नदीच्या धरणाखाली पाली गाव आहे, तिथं अप्पांची बहीण दिलेली, पण अप्पांनी आयुष्यात जेवढं पाणी पाहिलं नसेल तेवढं त्या पुलाखाली पाहिलं.

महानंदाबाई ज्वारी निवडता निवडता बघत होत्या. म्हणाल्या, "उचकी लागलीय त्याला. कुणीतरी आठवण काढायलंय. नाव घ्या, थांबंल."

"डब्याची आठवण कोण काढंल?" अप्पा खेकसले. पण घरात कुणी नाही असं बघून पुढच्या खेपेला त्यांनी पुलावर हळूच म्हणून बघितलं. "बसवेश्वरा." डबा ढिम्म. देवाला शर्यतीत काय रस असणार. "महानंदा." ढिम्म. "वीरेश." आणि गाडी सुटली! अप्पांच्या अंगावर काटा आला. आता, डबा भानावर यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तीन नावं मावतात, चमत्कार काय तो इतकाच. एकदा अप्पांनी खात्री करायला तिसरं नाव आपल्या दोस्ताचं, कय्युमचं घेतलं, तरी गाडी सुटली. तो योगायोग, असं अप्पांनी ठरवून टाकलं. पुढं त्यांचा नेमच झाला. पूल आला की बोट उचलायचं, तीन नावं घ्यायची, आणि तिसऱ्या नावाला बोट परत दाबायचं. गाडी नदीत जायची थांबली.

पण उचकी राहिलीच, आणि ती अप्पांना सलत होती. का, ते धंद्यातला माणूसच समजेल. मालात खोट ठेवून सौदा केला की गिऱ्हाईक परत दारात येतं. उद्या आपण जिंकलो आणि पोरगा म्हणाला, मशीन अडकलं म्हणून मी हरलो, तर? सौदा कसा निर्मळ पाहिजे. म्हणून अप्पांनी डबा दुरुस्त करायचं मनावर घेतलं आणि गावानंही.

पहिला आला कय्युम, मोटार रिवायंडिंगवाला, अप्पांचा शाळेपासूनचा दोस्त. त्याला गावातल्या प्रत्येक रोगाचं एकच कारण माहीत होतं, व्होल्टेज. पंप जळाला व्होल्टेज, दूध नासलं तरी व्होल्टेज. त्यानं स्वतःच्या हातानं गुंडाळलेला स्टॅबिलायझर आणून जोडला. आधी डबा नुसता अडकत होता, आता घुमतही होता आणि अडकतही होता. "फरक हाय पन, अप्पा," कय्युम म्हणाला, आणि अप्पांना ते नाकारता आलं नाही.

मग आले त्रिंबक सर. बसस्टँडजवळ त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथं मुलं कॉम्प्युटरचं चित्र वहीत काढत आणि सणासुदीला खऱ्या कॉम्प्युटरला हात लावत. सरांनी चष्मा पुसला, दोन बटणं दाबली आणि गंभीर होऊन म्हणाले, "व्हायरस." ते ज्या ज्या मशीनपुढं बसले त्या सगळ्यांत व्हायरस सापडला होता, फक्त त्यांच्या क्लासच्या मशीनमध्ये नव्हता, कारण ते बंदच असे. फ्लॉपी घातली, काढली, परत घातली. चहा झाला. सर गेले, व्हायरसही गेला म्हणे, आणि उचकी होती तिथंच राहिली.

महानंदाबाईंनी मीठ-मिरच्यांनी डब्याची दृष्ट काढली. मिरच्या जळून ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट होती हे सिद्ध झालं. अप्पांनी स्वतः सोमवारी डब्यावर बेल वाहिला आणि हवा लागावी म्हणून टेबल खिडकीत सरकवलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो महिना गेला. शिवरात्र तोंडावर आली.

शेवटी कय्युमच वैतागून म्हणाला, "अप्पा, खोलून बघू बे एकदा. आतमदी काय भूत हाय का?" त्यानं डब्याचा पत्रा काढला. आत दोन्ही हार्ड डिस्क, एकीवर एक. काही कळेना तेव्हा, मोटारीवर ठेवतात तसा त्यानं दोन्हींवर एकेक हात ठेवला आणि म्हणाला, "चलाव गाडी."

अप्पांनी शर्यत लावली. कय्युम डोळे मिटून बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "अप्पा, वरची थरथरायलीय. खालची थंडी पडली. ये तो झोपेली है." इतक्यात पूल आला, डबा थिजला, आणि आतून 'टक्' वाजून 'कुर्रऽऽ' असा आवाज चढत गेला. "उठली, उठली!" कय्युम ओरडला. गाडी सुटली.

अप्पांनी की-बोर्डवरचा हात काढला. त्यांच्या ध्यानात आलं. शर्यत सुरू होताना दुसऱ्या गोदामातून माल निघतो. मग बराच वेळ तिथं कुणी जात नाही आणि गोदाम झोपतं. शेवटच्या फेरीत पुलापलीकडं वेगळा, नवा रस्ता लागतो, त्याचा माल आणायला डबा दुसऱ्या गोदामाच्या दारात जातो, तर आत सामसूम. हाका मारून ते जागं होईपर्यंत सगळा बाजार खोळंबतो. इतकं सरळ होतं, आणि सगळे व्हायरस न् व्होल्टेज शोधत होते.

"पन त्याला झोपायला सांगितलं कुणी?" अप्पा गरजले. "कुणाची ही अक्कल?"

दारातून महानंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचीच."

"माझी?"

"पोरगं जाताना तुमी काय म्हणला ते इसरलात? डबा चालू ठिवून च्या प्याला उठलंतं, तर केवढं बोललाव त्याला. काम करत न्हाई ते बंद ठिव, फुकट वीज खातंय. त्यानं तवाच काहीतरी दाबलं आन् मला म्हणलं, आई, आता तीन मिनिटं बसून राह्यली तर डिस्क आपोआप बंद हुईल. अप्पाचं बिल वाचलं."

कय्युमनं खाली बघून पत्र्याचे स्क्रू गोळा करायला घेतले. त्याला हसू दाबता येईना. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात, पण इथं कळसा काखेतही नव्हता, तोंडात होता. बसून खाणाऱ्याला बंद करा म्हणणाऱ्या या माणसाच्या घरात एकटी ती बिचारी डिस्क कायद्यानं वागत होती, आणि सगळ्या दोषांचं खापर तिच्यावर. बरं, झोपेतून उठायला तिला लागायचा तेवढाच वेळ दुकानात अप्पांना लागायचा, पण हे बोलून दाखवायची कुणाची छाती झाली नाही.

तो झोपेचा हुकूम रद्द करायला परत त्रिंबक सरांनाच बोलवावं लागलं. सरांनी कुठल्या कुठल्या खिडक्या उघडत नेल्या, एका ठिकाणी 'तीन मिनिटांनी' होतं ते 'कधीच नको' केलं आणि म्हणाले, "मी म्हणलोच होतो. हा झोपेचाच व्हायरस." अप्पा मागं उभे राहून प्रत्येक खिडकी नीट बघत होते. डबा आता सुरळीत झाला. शिवरात्र दारात होती, आणि सुरळीत डब्यावर सराव करायला लाईट काही आली नाही. त्या आठवड्यात भारनियमनाला भक्तिभावानं जोर आला होता.

वीरेश आला. परळीला दर्शन झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी उपवासाचं पारणं झालं, आणि नशिबानं लाईटही आली. बाप आणि लेक एका टेबलाला बसले. पडदा मधोमध वाटलेला, वर बापाची लाल गाडी, खाली लेकाची निळी. कय्युम पंच म्हणून खाटेवर बसला होता. महानंदाबाई दारात उभ्या होत्या, आणि कोण जिंकावं असं त्यांना विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. पोरगं घरी यावं असं वाटत होतं आणि हरून यावं असं वाटत नव्हतं.

पहिल्या फेरीत अप्पा मागं होते. दुसरीत बरोबरीला आले. तिसरी, शेवटची फेरी लागली आणि अप्पांनी एका वळणावर वीरेशला आतून असं काही मागं टाकलं की कय्युम खाटेवर उभा राहिला. "वा रे अप्पा!" लाल गाडी पुढं, निळी मागं. वीरेशच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो खोटा खोटा खेळत नव्हता, हेही सांगून ठेवतो. पुढं पूल दिसला. पूल ओलांडला की जरासा रस्ता, आणि मग कायमची गादी.

पुलावर गाडी चढली आणि अप्पांचं बोट आपोआप उचललं गेलं.

"बसवेश्वरा," अप्पा पुटपुटले. "महानंदा."

डबा अडकला नव्हता. तो कशाला अडकेल? लाल गाडी भर पुलावर मंदावली, आणि शेजारून निळी गाडी सुसाट निघून गेली.

"वीरेश," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी बोट दाबलं.

शर्यत संपली होती. वीरेशनं बापाकडं वळून बघितलं. "काय, अप्पा? हाक मारली का?"

अप्पा पडद्याकडं बघत राहिले. कय्युम खाटेवरून उतरून चपला शोधायला लागला, ज्या त्याच्या पायातच होत्या. महानंदाबाईंनीच तोंड उघडलं. "त्या डब्याला तिथं उचकी लागायची रं. नाव घेतलं की सुटायची. सवय लागलीय त्यास्नी. दिवाळीपासून रोज घेतेत."

"कुणाचं नाव?"

खरं तर वीरेशला विचारायची गरज नव्हती, आपलं नाव त्यानं आताच ऐकलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि तो की-बोर्डवरची नसलेली धूळ फुंकायला लागला. उचकी तशीच ठेवली असती तर निळी गाडी नदीत गेली असती आणि वीरेश गादीवर आला असता. पण अप्पांना सौदा निर्मळ पाहिजे होता ना! तो इतका निर्मळ निघाला की त्यात त्यांचंच सगळं वाहून गेलं.

"अप्पा, एक डाव आणखी खेळू," वीरेश म्हणाला.

अप्पांनी कमरेचं उपरणं सोडलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. "न्हाई. झाला तो सौदा झाला. सुखानं जा पुण्याला." वर म्हणाले, "नोकरी नीट कर. कामावर झोपत जाऊ नको." हे सांगायचा अधिकार त्यांना किती होता, हे त्या क्षणी कुणाच्या मनात आलं नाही.

दुपारच्या गाडीनं वीरेश गेला. या खेपेला वाकून पाया पडताना तो जरा जास्त वेळ खाली राहिला, आणि गादीचा विषय अप्पांनी शब्दाला जागून खरंच परत काढला नाही, ना त्याच्यापुढं, ना पाहुण्यांपुढं. 'हाताला डबा लागला' हे वाक्यही बंद झालं. दुकानात ते पूर्वीसारखे खळग्यात बसून विचार करायला लागले आणि चिमण्यांचे जुने दिवस परत आले.

चार दिवसांनी महानंदाबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. आत डब्यावर शर्यत चालली होती. गाड्यांचा आवाज चढला, आणि एकाएकी बंद पडला. आतून हळू आवाजात एकापाठोपाठ एक तीन नावं आली. तिसऱ्या नावाला गाडी सुटली.

महानंदाबाईंचा हात सुपात थांबला. "अहो, नीट झालतं ना ते? सरानं केलतं की. परत कावून अडकायलंय?"

आतला गाडीचा आवाज थांबला. मग अप्पांचा आवाज आला.

"मीच केलं पयल्यावानी. लाईट बिल लई यायलंय."